खेळाच्या खोक्यावरचे वय नव्हे, घरातली मुले पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळी सुट्टी जवळ आली की वर्तमानपत्रांत आणि दुकानांच्या जाहिरातींत ‘वयोगटानुसार खेळ’ अशा याद्या येऊ लागतात. तीन ते पाचसाठी हा, सहा ते आठसाठी तो, नऊच्या पुढे तिसरा. यादी सोयीची दिसते, पण आपल्याकडची घरे अशी इयत्तावार लावलेली नसतात. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात, त्यांच्याबरोबर भाचरे येतात. बाहेर ४४ अंशांचे ऊन असते आणि कूलरच्या एकाच खोलीत चार वर्षांची चिमुरडी, दुसरीतला, सहावीतली, दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला आणि आजी असे सगळे दुपारभर एकत्र असतात. अशा घराला चार वयांचे चार खेळ नकोत, सगळे मिळून बसतील असा एक हवा. तो कसा निवडावा आणि घरात आहे तोच खेळ सगळ्यांना कसा जुळवून घ्यावा, यावर फारसे कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. ते लांबले आहे, पण तपशील गाळला तर कुणाच्या कामाचे काही उरणार नाही.

आधी खोक्यावर छापलेल्या वयाबद्दल. ‘३+’ हा आकडा बहुतेक वेळा खेळ किती अवघड आहे हे सांगत नाही, तो सुरक्षेबद्दल असतो. खेळण्यातला तुकडा घशात अडकण्याइतका लहान आहे का, हे तपासायला ३१.७ मिलिमीटर व्यासाची ठरावीक नळी वापरतात. जो तुकडा तिच्यात पूर्ण मावतो, तो तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात चालत नाही. घरी अंदाज घ्यायचा तर दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे असते, नळी त्याहून जेमतेम अर्धा सेंटीमीटर रुंद. फासा, ल्यूडोची सोंगटी, कवडी, चिंचोका, काचेची गोटी हे सगळे तिच्यात सहज जाते. कॅरमची सोंगटी ३.०२ ते ३.१८ सेंटिमीटरची असते, म्हणजे तीही काठावरच. ‘८+’ किंवा ‘१०+’ हा आकडा मात्र वेगळेच सांगतो: वाचता येणे, नियम लक्षात राहणे, तासभर एका जागी बसणे. एकाच जागी छापलेल्या आकड्याचे असे दोन अर्थ असल्यामुळे पालकांची गफलत होते. ‘३+’ पाहून सोपा समजून आणलेला खेळ चार वर्षांच्या मुलीला झेपत नाही, आणि ‘८+’ लिहिलेला खेळ सहा वर्षांचा मुलगा मोठ्याच्या जोडीने मजेत खेळतो.

सुरक्षेत मात्र तडजोड नको. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. खोके उलटून ते पाहावे. आठवडे बाजारात सुटे मिळणारे संच आणताना हे हमखास राहून जाते. लोहचुंबकाच्या सोंगट्यांचा प्रवासी ल्यूडो घरात तान्हे किंवा रांगते मूल असेल तर आणूच नये. दोन चुंबक पोटात गेले तर ते आतड्याच्या दोन वेढ्यांना मध्ये धरून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला छिद्र पडू शकते. दिवे-आवाजाच्या खेळांत बटणासारखा सेल असेल, तर त्याचे झाकण स्क्रूने बंद होणारे हवे. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही तिथे भाजल्यासारखी जखम होते. यांतले काहीही गिळल्याचा संशय आला तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आता निवडीकडे येतो. लहानमोठे एकत्र बसायचे असतील तर मी सर्वांत आधी एकच गोष्ट पाहीन: नंबर पुन्हा येईपर्यंत किती वेळ जातो. चार-पाच वर्षांचे मूल मिनिटभर वाट पाहते, सात-आठ वर्षांचे दोन-तीन मिनिटे. त्याच्या पुढे ते उठून कॉटखाली शिरते किंवा पटावरच्या सोंगट्या हलवू लागते. त्याला आपण ‘हट्टी’ म्हणतो, पण चूक खेळाच्या निवडीत झालेली असते. हिशेब सोपा आहे. चार खेळाडू आणि प्रत्येकाला पंधरा सेकंद, म्हणजे पाऊण मिनिटात नंबर परत येतो. सहा जणांचा ‘व्यापार’ घ्या. जागा विकत घ्यायची की नाही, पैसे मोजणे, सुटे करणे यांत एकेकाचे मिनिट सहज जाते, म्हणजे लहानाला पाच मिनिटे बसून राहावे लागते. वर त्या खेळात ज्याचे दिवाळे निघते तो बाहेर, आणि बाहेर जाणारा बहुधा सर्वांत लहान असतो. बाहेर गेल्यावर उरलेला तास त्याने काय करायचे? ‘व्यापार’ खेळायचाच असेल तर गजर लावून साठ मिनिटांत थांबवावा आणि रोकड अधिक जागांच्या किमती यांवर निकाल लावावा. कुणालाही बाहेर काढू नये.

ल्यूडो घरोघरी आहे, पण त्याच्या सुरुवातीतच एक खोट आहे. सहा पडल्याशिवाय सोंगटी निघत नाही. लागोपाठ दहा वेळा फासा टाकून एकदाही सहा न पडण्याची शक्यता सुमारे १६ टक्के असते. चौघे खेळत असतील तर कुणीतरी एक जण पहिले दहा नंबर नुसता बसून राहण्याची शक्यता जवळजवळ निम्मी होते. तो एक जण पाच वर्षांचा असला की रडारड ठरलेली. उपाय दोन आहेत. एक, प्रत्येकाची एक सोंगटी सुरुवातीलाच बाहेर ठेवावी. दोन, सहाबरोबर एकावरही सोंगटी सोडावी, म्हणजे तीच १६ टक्क्यांची शक्यता दोन टक्क्यांच्या आत येते. लहानांना चारऐवजी दोनच सोंगट्या द्याव्यात, त्यांचा खेळ निम्म्या वेळात संपतो.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे नशीब आणि डोके यांचे प्रमाण. सापशिडीत १०० घरे आणि ठरवायचे काहीच नाही. तिथे चार वर्षांची मुलगी आणि आजोबा बरोबरीचे, म्हणून तीन ते सहा वर्षांना ती उत्तम. पण दहा वर्षांच्या मुलाला आपल्या हातात काही नाही हे कळते आणि तो कंटाळतो. बुद्धिबळाचे उलट आहे. तिथे नशीब नाहीच, म्हणून तीन वर्षांनी मोठा असलेला भाऊ दरवेळी जिंकतो आणि धाकटा महिन्याभरात पट बघायलाही तयार नसतो. वयात अंतर असलेल्या भावंडांसाठी मधले खेळ लागतात. फासा किंवा पत्ता नशिबाने येतो, पण त्याचे काय करायचे ते आपण ठरवतो, असे खेळ. किंवा ज्यांत लहान मुले मोठ्यांच्या बरोबरीने चालतात असे: चित्रे लक्षात ठेवणे, नजरेने पटकन हेरणे, बोटांनी तोल सांभाळणे.

तिसरी गोष्ट माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. आपल्याकडे लहानाला ‘लिंबूटिंबू’ करून खेळात घेतात. तो आउट होत नाही, पण त्याचे जिंकणेही धरत नाहीत. तीन वर्षांपर्यंत हे चालते. पाचव्या वर्षी मुलाला पक्के कळते की आपला डाव कुणी मोजत नाही. मोठ्यांनी मुद्दाम हरणेही तसेच, मुलाच्या ते लगेच लक्षात येते. त्यापेक्षा डाव सुरू होण्याआधी सगळ्यांसमोर नियमातच सवलत ठरवावी: धाकट्याला इतक्या सोंगट्या, थोरल्याला ही जादा अट. मग धाकटा जिंकला तर खरा जिंकलेला असतो. दोन डाव लागोपाठ जिंकला की सवलत एका पायरीने कमी करावी, आणि तेही त्याला सांगून.

या तिन्ही कसोट्यांवर उतरणारा, विकत न घेता होणारा खेळ आपल्याच घरांत होता. कुठे त्याला चल्लस-आठ म्हणतात, कुठे अष्टचंगपे. पाच गुणिले पाच अशी २५ घरे. चारही बाजूंच्या मधल्या घरांवर आणि अगदी मधल्या घरावर फुली. चौघांच्या चार-चार सोंगट्या आपापल्या बाजूच्या फुलीवर. फाशाऐवजी चार कवड्या, किंवा चिंचोके उभे फोडून, आतली बाजू दगडावर घासून सपाट पांढरी केलेली त्यांची चार डाळिंबे, म्हणजे अर्धे भाग. पांढऱ्या बाजू जितक्या वर तितकी घरे चालायची. चारही पांढऱ्या पडल्या तर चार, एकही नाही तर आठ, आणि चार किंवा आठ पडले की आणखी एक दान. सोंगटी बाहेरच्या घरांवरून घड्याळाच्या उलट दिशेने निघते, आपल्या फुलीच्या अलीकडच्या घरापर्यंत १५ घरे जाते, तिथून आत वळून आतली आठ घरे घड्याळाच्या दिशेने फिरते आणि मधल्या फुलीत पिकते. एकूण २४ घरे. फुलीवरच्या सोंगटीला कुणी मारू शकत नाही. इतरत्र दुसऱ्याची सोंगटी आली की आपली उचलून पुन्हा सुरुवातीच्या फुलीवर.

हा खेळ मिश्र वयांना का जमतो ते पाहा. डाळिंबे नीट घासलेली असतील तर सोळा दानांत सरासरी सहा वेळा दोन पडतात, चार-चार वेळा एक आणि तीन, एकदा चार, एकदा आठ. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाला जवळपास नेहमी तीनपर्यंतच मोजावे लागते. मोजायला सोपे, पण चार सोंगट्यांतली कोणती चालवायची हे दरवेळी ठरवायचे असते, आणि तिथे पंधरा वर्षांच्या मुलालाही डोके चालवावे लागते. वेळेचा हिशेबही देतो. सरासरी दान अडीच घरांचे आहे. चार सोंगट्यांची मिळून ९६ घरे होतात, म्हणजे मार न खाता एका खेळाडूला साधारण ३८ दाने लागतात. दोनच सोंगट्या दिल्या तर १९. म्हणून पाच-सहा वर्षांच्या मुलाला दोन सोंगट्या आणि इतरांना चार, ही सवलत योग्य बसते. पूर्वापार नियमाप्रमाणे एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत जाता येत नाही. ही अट मोठ्यांना ठेवावी, आठ वर्षांखालच्यांना माफ करावी. मधल्या घरात नेमके दान पडूनच जायचे, हीसुद्धा अट लहानांना नको. शेवटी एका घरासाठी आठ-आठ दाने वाया गेली की त्यांचा धीर सुटतो.

यात बिघडते ते दोन ठिकाणी. बाहेरून आत वळताना दिशा उलटते, तिथे लहान मुले हटकून चुकतात. पटावर बाण काढावेत, आतल्या घरांना दुसरा रंग द्यावा. आणि डाळिंबे कमी-जास्त घासली गेली तर ती एकाच बाजूला पडू लागतात. नवी केली की पन्नास वेळा टाकून पाहावीत. दोन हे दान अठरा-एकोणीस वेळांच्या आसपास यायला हवे. चार किंवा आठच सारखे पडू लागले तर एकेक डाळिंब वेगळे टाकून कोणते हट्टी आहे ते शोधावे आणि बदलावे. ही तपासणी सहावीच्या पुढच्या मुलाकडे सोपवावी. तीस-चाळीस दानांनंतर आकडे कसे जुळत जातात ते तो कागदावर स्वतः पाहतो, आणि गणिताच्या तासाला हेच पुढे भेटणार असते. सोंगट्यांना पूर्वी बांगड्यांचे तुकडे वापरत. लहान मुले असतील तर काच नको, बाटल्यांची चार रंगांची झाकणे घ्यावीत, ती लहान बोटांना धरता येतात. घर सहा सेंटिमीटरचे ठेवले की चार झाकणे त्यात मावतात.

तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी मात्र एकमेकांना हरवण्याचा खेळच नको, सगळ्यांनी मिळून जिंकायचा हवा. जर्मनीत १९८६ पासून ‘ओब्स्टगार्टन’ नावाचा असा खेळ चालत आला आहे: कावळ्याच्या आधी सगळ्यांनी मिळून बागेतली फळे तोडायची. त्याच धर्तीवर घरी करता येतो. चार झाडे, प्रत्येकी चार फळे: केळी, कैऱ्या, बोरे, जांभळे. जळगावकरांनी मेहरूणची बोरे काढावीत. पिवळा, हिरवा, लाल, जांभळा असे रंग ठेवावेत, पण नुसते रंग पुरत नाहीत. लाल-हिरव्यातला फरक न कळणारी मुले असतात, म्हणून चित्रही हवे. केळ्याबरोबर लिंबू घेऊ नये, दोन्ही पिवळी होऊन घोटाळा होतो. साधाच फासा घ्यावा आणि भिंतीवर तक्ता लावावा: एक पडले तर केळे, दोन कैरी, तीन बोर, चार जांभूळ, पाच पडले तर टोपली म्हणजे हवे ते एक फळ, सहा पडले तर माकड एक पाऊल पुढे. माकडाच्या वाटेवर पाच पावले. सोळा फळे आधी टोपलीत आली तर सगळे जिंकले, माकड आधी पोहोचले तर सगळे हरले. पाच पावलांना मुले हरण्यापेक्षा जास्त वेळा जिंकतात, पण खात्री नसते आणि त्यातच चुरस राहते. सोपे करायचे तर सहा पावले, अवघड करायचे तर चार. टोपली पडली की ज्या झाडावर फळे जास्त उरली आहेत तिथले तोडावे. चार झाडे सारखी उतरत गेली तर कमी दाने फुकट जातात. हे मुलांना आधीच सांगू नये, चार-पाच डावांत ती स्वतः ओळखतात. डाव दहा मिनिटांच्या आत संपतो.

मिळून खेळण्यात एक धोका आहे: थोरला सगळ्यांचे डाव स्वतःच खेळू लागतो. ‘ते नको, हे तोड’ असे चारदा झाले की धाकटी फासाही टाकत नाही. नियम करावा की ज्याचा नंबर त्याचाच हात पटावर, आणि त्याने विचारल्याशिवाय कुणी बोलायचे नाही. साधेच आहे, पण पाळावे लागते.

पत्त्यांचा कॅट आखाजीला घरात असतोच. त्याचे मिश्र वयांना जमणारे तीन उपयोग सांगतो. पहिला, जोड्या लावणे. तीन-चार वर्षांसाठी सहा जोड्या म्हणजे १२ पत्ते, पाच-सहा वर्षांसाठी बारा जोड्या, मोठ्यांसाठी अख्खा कॅट उपडा मांडावा. सवलत नियमातच बसते: लहानाला आकडा जुळला की जोडी, मोठ्याला आकडा आणि रंग दोन्ही जुळायला हवे, म्हणजे बदामच्या सत्तीला चौकटचीच सत्ती. पत्ते गुळगुळीत लादीवर उचलता येत नाहीत, मुलांची नखे लागून कडा दुमडतात आणि दुमडलेला पत्ता ओळखू येतो. सतरंजीवर मांडावेत. दुसरा, बदामसात. सहा वर्षांच्या मुलाला फक्त आकड्यांचा क्रम यावा लागतो आणि मोठा मुलगा आपल्याकडची अठ्ठी किंवा छक्की अडवून ठेवण्याचे राजकारण करतो. एकाच खेळात दोघांना आपापल्या वयाचे काम मिळते. सात-आठ जण असले तरी चालतो. तिसरा, गुलामचोर, पाच वर्षांपासून पुढे सगळ्यांना. लहान हातात सातच्या वर पत्ते राहत नाहीत, गळतात आणि सगळ्यांना दिसतात. बुटाचे खोके त्याच्याच झाकणात उभे बसवले की कडेला जी फट राहते तिच्यात पत्ते ओळीने उभे राहतात.

कॅरमबद्दल थोडक्यात. दोघांच्या जोड्या करताना भिडू समोरासमोर बसतात, तेव्हा धाकट्यासमोर थोरला अशी जोडी लावावी. पाच-सात वर्षांच्या मुलाला पाटाच्या रेषेवरून नेम धरता येत नाही, त्याला रेषेच्या पुढे स्ट्रायकर ठेवू द्यावा. स्ट्रायकर १५ ग्रॅमपर्यंतचा असतो, लहान बोटाला तो लागतो, म्हणून त्यांच्यासाठी हलका प्लॅस्टिकचा घ्यावा. बोर्ड कूलरच्या झोतासमोर ठेवू नये. दमट हवेने पावडरच्या गाठी होतात, सोंगट्या अडखळतात, आणि उन्हाळाभर तसाच ठेवला तर प्लायवूड फुगून मध्ये उंच होतो. बोरिक पावडर पोटात जाणे विषारी आहे, हे बऱ्याच घरांत माहीत नसते. रांगते मूल असेल तर डबी उंचावर ठेवावी आणि खेळून झाल्यावर बोर्डाखालची फरशी पुसून घ्यावी.

कूलरच्या वाऱ्याने इतरही खेळ बिघडतात. कागदी नोटा, चिठ्ठ्या, पातळ पत्ते उडतात, आणि खेळ मोडला की भांडण तिथूनच सुरू होते. बसण्याची जागा झोताच्या बाजूला असावी. नोटांऐवजी चिंचोके किंवा बटणे मोजावीत. फासा ताटातच टाकायचा, ताटाबाहेर गेला तर पुन्हा टाकायचा. एवढ्यानेच फासा कपाटाखाली जाण्याचे आणि ‘मी बघितले, सहाच होते’ या वादाचे प्रसंग टळतात. नियम समजावताना सगळे एकदम सांगू नयेत. पाच मिनिटे बोलत राहिले की धाकटे गेलेच म्हणून समजा. एक डाव उघडे पत्ते ठेवून खेळावा, अडेल तिथे सांगावे.

सहापेक्षा जास्त मुले असतील तर खेळाडू वाढवू नयेत, जोड्या कराव्यात. सर्वांत मोठा आणि सर्वांत धाकटा एक जोडी. दान धाकट्याने टाकायचे, सोंगटीही त्यानेच चालवायची. मोठ्याने फक्त दोन पर्याय दाखवायचे, निवड धाकट्याची. तीन वर्षांखालच्या मुलाला खेळात ओढू नये आणि हाकलूही नये. शेजारी त्याला मोठ्या तुकड्यांचे काही द्यावे आणि मधूनमधून ताट धरायला लावावे.

ज्यांना मोठा, महागडा परदेशी खेळ घ्यायचा आहे त्यांनी आधी एवढेच पाहावे, की पत्त्यांवर इंग्रजी मजकूर आहे का. नियमपत्रिका इंग्रजीत असली तर चालते, ती घरातला एक जण वाचून सांगतो. पण प्रत्येक पत्त्यावर वाक्ये असतील तर जिल्हा परिषद शाळेतला दुसरीचा मुलगा आणि आजी दोघेही बाहेर पडतात. ‘डिक्सिट’मध्ये ८४ चित्रे आहेत, मजकूर नाही. एकाने आपल्या चित्रावरून सूचक वाक्य बोलायचे आणि इतरांनी ते चित्र ओळखायचे; वाक्य अहिराणीत बोलले तरी खेळ चालतो आणि आजी इथे भल्याभल्यांना भारी पडते. गुण मोजणे मात्र मोठ्याने करावे. सगळ्यांनी ओळखले किंवा कुणीच ओळखले नाही तर सांगणाऱ्याला शून्य, हे सहा वर्षांच्या मुलाला पटकन पटत नाही. ‘ब्लोकस’मध्ये ४०० घरांच्या पटावर प्रत्येकाचे २१ तुकडे फक्त कोपऱ्याला कोपरा लावून बसवायचे असतात. नियम एका वाक्याचा, म्हणून सहा-सात वर्षांपासून चालतो. तो नेमक्या चौघांत रंगतो, तिघांत थोडा फिका पडतो. ‘किंगडोमिनो’त ४८ जोडपट्ट्या आहेत, डाव पंधरा-वीस मिनिटांचा, आणि शेवटी घरे गुणिले मुकुट असा गुणाकार असतो, तो चौथीतल्या मुलाकडे द्यावा. ‘कॅटन’ १९९५ पासून जगभर गाजला आहे, पण मूळ संच तिघा-चौघांचा आणि तास-दीड तासाचा. घरात आठ वर्षांखालचे मूल असेल तर तो सुट्टीतला पहिला खेळ म्हणून घेऊ नये.

आता आपल्याकडे, म्हणजे वर्तमानपत्राकडे मागणे. आखाजीच्या आधीच्या रविवारी पुरवणीचे एक पान या खेळासाठी द्यावे. पानाच्या रुंदीत ३० सेंटिमीटरचा चौकोन बसतो, म्हणजे सहा सेंटिमीटरच्या २५ घरांचा चल्लस-आठचा पट पूर्ण मापात छापता येईल, वळणाच्या बाणांसह. खाली उरलेल्या जागेत सोळा फळे, माकड आणि त्याची पाच पावले, कापून घेण्यासाठी तुटक रेषांत, आणि नियम आजीला चष्म्याशिवाय दिसतील एवढ्या टायपात. पानाच्या मागच्या बाजूला जाहिरात न टाकता कोरे किंवा फिके छापावे, नाहीतर खळ लावून पुठ्ठ्यावर चिकटवताना मागची शाई पुढे उमटते. पुठ्ठा जुन्या वह्यांचा चालतो. कणकेची खळ पातळ लावावी आणि वर पाटा-वरवंट्याचे वजन ठेवून रात्रभर वाळू द्यावे, नाहीतर पट वाकडा होतो.

आणि जळगावच्या व. वा. वाचनालयाला, धुळ्याच्या गरुड वाचनालयाला, तालुक्या-तालुक्यांतल्या वाचनालयांना आपल्या पत्रातून विनंती पोहोचवावी: बालविभागात एक कपाट खेळांचे ठेवावे, पुस्तकांसारखेच सात दिवसांच्या बोलीने घरी द्यावेत. झाकणाच्या आतल्या बाजूला तुकड्यांची यादी चिकटवावी, ‘फासे २, सोंगट्या १६, पत्ते ५२’ अशी, आणि परत घेताना ती मोजून घ्यावी. एखादा तुकडा हरवला तर दंड न करता बदली बटण किंवा झाकण टाकावे. खेळ विकणाऱ्या दुकानदारांनीही प्रत्येक खेळाचे एक खोके उघडून ठेवावे. आई-वडिलांना तुकड्यांचे माप, पत्त्यांवरची भाषा आणि पट हातात घेऊन पाहता आला, तर घरी नेलेला खेळ माळ्यावर जाणार नाही.

आपला,
एक वाचक
पाचोरा, जि. जळगाव